बिनमालकाचा तोटा: रोहित्राच्या गाभ्याचा १४० वर्षांचा इतिहास

१/
रात्री वस्ती निजते, दिवे मालवले जातात, शेतावरचे पंप थांबतात. तरीही खांबावरचे रोहित्र गुणगुणत असते. महाराष्ट्रात त्याला सगळे 'डीपी' म्हणून ओळखतात. कोणीच वीज वापरत नसताना हा डबा कशासाठी जागा असतो, आणि त्याच्या जागरणाचे बिल कोण भरते? या प्रश्नाचा माग काढत गेले की वाट बुडापेस्ट, शेफील्ड, ओहायो आणि कॅलिफोर्निया अशी फिरते आणि २०२४ मध्ये अमेरिकी ऊर्जा विभागाने काढलेल्या एका नियमापाशी पोहोचते. त्या नियमाच्या मसुद्याने पेनसिल्व्हेनियातील एका पोलाद-गावाची झोप उडवली होती. त्या साऱ्या प्रवासाचा हा धागा.

२/
रोहित्राचे काम सांगायला सोपे. हजारो व्होल्टची वीज घ्यायची आणि घरात चालेल अशा दाबाची करून पुढे द्यायची. आत लोखंडी गाभा, त्यावर तारेची दोन वेटोळी, भोवती तेल. फिरणारा एकही भाग नाही. कार्यक्षमता ९८-९९ टक्क्यांच्या घरात. एवढ्या गुणी यंत्राला आणखी कार्यक्षम करण्यासाठी सरकारांनी कायदे का करावेत, ही शंका रास्त आहे.

३/
तोटा दोन ठिकाणी होतो. पहिला वेटोळ्यांत. प्रवाह वाहिला की तार तापते. भार निम्मा झाला की हा तोटा एक चतुर्थांशावर येतो आणि भार नसला की जवळजवळ नाहीसा होतो.

दुसरा गाभ्यात. प्रत्यावर्ती धारेबरोबर गाभ्याचे चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा उलटून पुन्हा सुलटते. अमेरिकेत ६० वेळा. प्रत्येक फेऱ्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. भाराशी याचा संबंध नाही. रोहित्र वाहिनीला जोडले त्या क्षणापासून ते उतरवेपर्यंत हा तोटा अखंड चालतो. कानी येणारी गुणगुणही या उलटापालटीचीच खूण. चुंबकत्व बदलताना गाभ्याचे पत्रे अतिसूक्ष्म प्रमाणात ताणले आणि आकसले जातात.

४/
थोडा हिशेब. भारतातील १९८९ च्या मानकानुसार १०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्राच्या गाभ्यात २६० वॅट आणि पूर्ण भाराला वेटोळ्यांत १७६० वॅट एवढा तोटा चालत असे. दुसरा आकडा डोळ्यांत भरतो; पण निम्म्या भाराला तो ४४० वर येतो. पहिला मात्र वर्षाच्या ८७६० तासांत कधीच बदलत नाही. गुणाकार केला तर वर्षाला सुमारे २२७८ युनिट. २५ वर्षांत जवळजवळ ५७,००० युनिट, आणि तेही एकाच डब्याचे. अमेरिकेत असे डबे ६ ते ८ कोटी असल्याचा अंदाज आहे.

५/
आता सुरुवातीकडे. २९ ऑगस्ट १८३१. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी मऊ लोखंडाच्या सहा इंची कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. एकातील प्रवाह जोडला किंवा तोडला की दुसऱ्याला जोडलेली चुंबकसूची क्षणभर हलत असे. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध तो हाच. रोहित्राचे सारे अवयव त्या कड्यात होते. त्याचा उपयोग काय, हे कळायला मात्र अर्धे शतक जावे लागले, कारण दाब बदलण्याची गरजच तोवर उपजली नव्हती.

६/
ती गरज विजेच्या दिव्यांनी निर्माण केली. सप्टेंबर १८८२ मध्ये एडिसन यांचे पर्ल स्ट्रीट केंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले. वीज दिष्ट धारेची, दाब ११० व्होल्टच्या आसपास. एवढ्या कमी दाबाने वीज मैलभराच्या पलीकडे नेणे परवडत नसे, कारण तांब्याची तारच अवाढव्य जाड घ्यावी लागे. दाब दहापट केला तर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दहावा हिस्सा पुरतो आणि तारेतील तोटा शंभरावा हिस्सा उरतो. पण वाढवलेला दाब ग्राहकाच्या दारात उतरवायचा कसा?

७/
फ्रान्सचे ल्युसियाँ गोलार आणि इंग्लंडचे जॉन गिब्ज यांनी त्यावर उपकरण काढले. नाव दिले 'दुय्यम जनित्र'. १८८४ च्या तुरिन प्रदर्शनात त्यांनी सुमारे ४० किलोमीटरवरच्या लान्झोपर्यंत दिवे लावून दाखवले. त्यात दोष दोन होते. गाभा सरळ आणि उघडा होता, त्यामुळे चुंबकप्रवाहाला हवेतून वळसा घालावा लागे. आणि उपकरणे एकामागे एक अशी साखळीने जोडलेली असल्याने एकाने दिवे विझवले की दुसऱ्याच्या दिव्यांवर परिणाम होई. गोलार पुढे पेटंटच्या वादांत खचले आणि १८८८ मध्ये पॅरिसच्या मनोरुग्णालयात वारले. त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही, हा अन्याय आहे.

८/
१८८५. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील तीन अभियंते: कारोय झिपर्नोव्स्की, ओट्टो ब्लाथी, मिक्शा देरी. त्यांनी गाभा बंद केला, म्हणजे फॅरडेंच्या कड्याकडे परत गेले, आणि रोहित्रे समांतर जोडली. 'ट्रान्स्फॉर्मर' हे नावही याच मंडळींचे. पुढच्याच वर्षी, मार्च १८८६ मध्ये, विल्यम स्टॅन्ली यांनी मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन या गावच्या रस्त्यावरील दुकाने ५०० व्होल्टची वीज १०० वर उतरवून उजळली. त्यांच्यामागे वेस्टिंगहाउस यांचा पैसा होता.

एडिसन आणि वेस्टिंगहाउस यांचे 'प्रवाहांचे युद्ध' सर्वांना ठाऊक आहे. हा धागा त्या वाटेने जात नाही. युद्ध जिंकल्यानंतर विजेत्याच्या पदरी काय पडले, ते येथे पाहायचे आहे.

९/
पदरी पडला गाभ्यातील तोटा. गाभा भरीव ठेवला तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि लोखंड तापते. म्हणून तो पातळ पत्र्यांचा किंवा तारांचा करायचा, हे लवकर समजले. दुसरे कारण अधिक खोलातले होते. लोखंडाचे चुंबकत्व बाहेरच्या बदलाच्या मागे रेंगाळते आणि त्या रेंगाळण्याची किंमत उष्णतेच्या रूपाने द्यावी लागते. टोकियोत अध्यापन करणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स यूइंग यांनी १८८० च्या दशकारंभी या गुणधर्माला 'हिस्टेरेसिस' हे नाव दिले. ग्रीक शब्द, अर्थ मागे राहणे.

१०/
त्याचा हिशेब मांडला चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी. समाजवादी चळवळीमुळे जर्मनी सोडावी लागलेला हा तरुण १८८९ मध्ये अमेरिकेत उतरला आणि १८९२ च्या जानेवारीत त्याने अमेरिकी विद्युत अभियंत्यांपुढे आपला नियम ठेवला: हा तोटा चुंबकीकरणाच्या १.६ या घाताच्या प्रमाणात वाढतो. १.६ का, याला तेव्हा सैद्धांतिक आधार नव्हता; शेकडो मोजमापांतून हा घात निघाला होता. पण आता रोहित्र बांधण्याआधी कागदावर त्याचा तोटा काढता येऊ लागला. अनुभवी कारागिराचा अंदाज जाऊन अभियंत्याचे गणित आले, ते येथे.

११/
गणित जमले, लोखंड ऐकेना. १८९० च्या दशकात वीज कंपन्यांच्या लक्षात आले की नवे असताना उत्तम चालणारे रोहित्र काही महिन्यांत अधिक तापू लागते. गाभ्याचा तोटा वयाबरोबर वाढत होता. सतत गरम राहिल्याने लोखंडातील कार्बन आणि नायट्रोजनसारखी अल्प अशुद्धी हळूहळू सूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळी होते आणि चुंबकत्वाच्या उलटापालटीत अडथळा आणते, हे कारण पुष्कळ नंतर उलगडले. त्या काळी अभियंते त्याला नुसते 'वार्धक्य' म्हणत.

१२/
औषध सापडले शेफील्डमध्ये. पोलाद कारखानदार रॉबर्ट हॅडफील्ड नाना मिश्रधातू करून पाहत असत. त्यांचे नमुने डब्लिनचे प्राध्यापक विल्यम बॅरेट यांच्याकडे मोजमापाला गेले आणि १९०० च्या सुमारास निष्कर्ष पुढे आले. लोखंडात थोडे सिलिकॉन मिसळले की त्याचा विद्युतरोध कितीतरी पट वाढतो, भोवऱ्यासारखे प्रवाह मंदावतात, हिस्टेरेसिस घटतो आणि वार्धक्याचा विकारही जवळजवळ थांबतो. सिलिकॉन फार झाले तर पत्रा ठिसूळ होतो, ही मर्यादा होती. पुढच्या काही वर्षांत रोहित्राचा गाभा म्हणजे सिलिकॉन पोलाद, हे समीकरण पक्के झाले.

१३/
यानंतरची उडी पोलादाच्या घटकांत नव्हे, मांडणीत होती. १९२६ मध्ये जपानच्या सेन्दाई येथे कोतारो होन्दा आणि सेइजी काया यांनी लोखंडाचा एकेक स्फटिक घेऊन दाखवले की तो सर्व दिशांनी सारख्या सहजतेने चुंबकीय होत नाही. घनाच्या कडेची दिशा त्याला सर्वांत सोपी. साध्या पत्र्यात हे स्फटिक वाटेल तसे पडलेले असतात. ते एका दिशेने वळवता आले तर?

ओहायोत काम करणाऱ्या नॉर्मन गॉस यांनी ते साधले. पत्रा थंड असतानाच लाटायचा, तापवून शमवायचा, पुन्हा लाटायचा, पुन्हा शमवायचा. १९३४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. लाटण्याच्या दिशेने चुंबकप्रवाह धावेल असे हे 'दिशाबद्ध' पोलाद. आज जगातील बहुतेक रोहित्रांच्या पोटात त्याचेच वंशज आहेत.

१४/
या पोलादाच्या इतिहासात 'आर्मको' या अमेरिकी कंपनीचे नाव वारंवार येते. तिच्या गिरण्यांपैकी एक पेनसिल्व्हेनियातील बटलर या गावी होती. हे नाव लक्षात ठेवावे.

१५/
१९६०. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. पोल द्यूवे आणि त्यांचे सहकारी सोने-सिलिकॉनच्या वितळलेल्या थेंबाला थंड तांब्यावर आदळवत होते. थेंब इतक्या झपाट्याने गोठे, सेकंदाला दहा लाख अंशांच्या हिशेबाने, की अणूंना स्फटिकाची रांग धरायला सवडच मिळत नसे. तयार होई ती धातूची काच. अस्फटिकी, म्हणजे अमॉर्फस, धातू.

रोहित्राशी याचा संबंध त्या वेळी कोणाच्या मनातही नव्हता. पण स्फटिक नाहीत म्हणजे त्यांच्या सीमांचे अडथळेही नाहीत. लोखंड आणि बोरॉन यांचा असा धातू केला तर त्याचे चुंबकत्व विलक्षण सहज उलटते. गॉस यांनी स्फटिकांना शिस्त लावली होती. येथे स्फटिकच नाहीसे केले गेले.

१६/
अमेरिकेतील अलाइड केमिकल कंपनीने १९७० च्या दशकात याची सलग फीत ओतण्याचे तंत्र बसवले. फिरत्या थंड चाकावर वितळलेला धातू सोडायचा. सुमारे २५ मायक्रॉन जाडीची फीत सळसळत बाहेर येते. दिशाबद्ध पोलादाच्या पत्र्याच्या ती जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी पातळ. १९८० च्या दशकात तिची रोहित्रे खांबांवर चढली. गाभ्यातील तोटा पोलादी गाभ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला, काही वेळा त्याहूनही खाली.

उणिवाही होत्या. हा धातू पोलादाएवढे चुंबकत्व पेलत नाही, म्हणून गाभा मोठा आणि जड होतो. तापवून शमवल्यावर फीत ठिसूळ होते. आणि किंमत जास्त.

१७/
म्हणजे १९८५ च्या सुमारासच तो तोटा दोन तृतीयांशांनी घटवणारी वस्तू बाजारात होती. अमेरिकेने ती सर्रास का घेतली नाही? या धाग्याचा खरा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर धातुशास्त्रात नाही.

१८/
कारण त्या तोट्याला मालक नाही. रोहित्र विकत घेणारा वेगळा, त्यात जळणाऱ्या विजेचे पैसे भरणारा वेगळा. वीज कंपनी रोहित्राची किंमत आज मोजते. गाभ्याचा तोटा पुढची ३० वर्षे दरात मिसळून ग्राहकांकडून वसूल होतो. व्यापारी इमारतीत तर हे अधिकच उघडे आहे. तळघरातले रोहित्र बांधकाम व्यावसायिक घेतो, तोही सर्वांत स्वस्त. बिल भाडेकरू भरतो. त्या भाडेकरूला तळघरात रोहित्र आहे हेदेखील बहुधा माहीत नसते.

१९/
शहाण्या वीज कंपन्यांकडे यावर एक जुना उपाय होता. लॉर्ड केल्विन यांनी १८८१ मध्ये सांगितले होते की तारेची योग्य जाडी ठरवताना तांब्याची किंमत आणि वाया जाणाऱ्या विजेची किंमत एकत्र तोलावी. तोच विचार रोहित्राच्या निविदांत आला. तोट्याच्या प्रत्येक वॅटला आजच्या पैशांत किंमत लावायची, ती यंत्राच्या किमतीत मिळवायची आणि बेरीज ज्याची कमी त्याला काम द्यायचे. १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर ही पद्धत फोफावली. १९९० च्या दशकात वीजक्षेत्र खुले होण्याचे वारे वाहू लागले आणि कंपन्यांनी दूरच्या बचतीला किंमत लावणे आवरते घेतले. ३० वर्षांनंतर हे ग्राहक आपले राहतीलच, याची खात्री कोणाला होती?

२०/
म्हणून मानक. तेलसंकटाच्या धक्क्यातून अमेरिकेत १९७५ चा ऊर्जा धोरण आणि संवर्धन कायदा आला होता. १९९२ च्या कायद्याने ऊर्जा विभागाला सांगितले: वितरण रोहित्रांसाठी किमान कार्यक्षमतेचे मानक शक्य आणि परवडणारे आहे का, ते पाहा. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने अभ्यास केला. उत्पादकांच्या 'नेमा' या संघटनेने १९९६ मध्ये स्वतःचे ऐच्छिक मानक काढले. २००५ च्या कायद्याने त्यातील एक भाग, इमारतींतील कमी दाबाच्या कोरड्या रोहित्रांपुरता, १ जानेवारी २००७ पासून सक्तीचा केला.

तेलाने भरलेल्या, म्हणजे खांबावरच्या रोहित्रांचा नियम ऑक्टोबर २००७ मध्ये आला आणि १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. पाहणीचा आदेश १९९२ चा, अंमल २०१० चा. मधल्या १८ वर्षांत बसलेली कित्येक रोहित्रे आजही खांबांवर आहेत.

२१/
याच जानेवारी २०१० मध्ये भारतातही वितरण रोहित्रांवर तारांकनाची पट्टी सक्तीची झाली. हा योगायोगच, पण बोलका. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून मार्च २००२ मध्ये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने येथे निराळी वाट धरली. गाभ्याचा आणि वेटोळ्यांचा तोटा वेगवेगळा न मोजता निम्म्या आणि पूर्ण भाराला एकूण तोटा किती, एवढेच विचारायचे. भारतीय मानक ब्युरोच्या २०१४ च्या सुधारित मानकानेही हीच रीत घेतली. १०० केव्हीएच्या जुन्या रोहित्राचा निम्म्या भाराचा एकूण तोटा ७०० वॅट होत असे. नव्या मानकाच्या पहिल्याच पायरीला तो ५२० वर आला. २०१५ च्या गुणवत्ता आदेशाने आयएसआय चिन्ह बंधनकारक केले. अमॉर्फस गाभ्याची रोहित्रे मोठ्या संख्येने बसली ती चीन आणि भारतात. ज्या अमेरिकेत तो धातू जन्मला, तेथे ती थोडीच राहिली.

अर्थात रब्बीच्या ऐन पाण्यात क्षमतेबाहेर पंप जोडले गेले आणि डीपी जळाली, की तेथे चर्चा गाभ्यातील तोट्याची होत नाही, नवे रोहित्र कधी मिळेल याची होते. कमी तोट्याचा गाभा जादा भाराचा उपाय नव्हे.

२२/
पुन्हा अमेरिका. २००७ चा नियम मवाळ आहे, असे म्हणत पर्यावरण संघटना आणि काही राज्ये न्यायालयात गेली. त्यातून फेरविचार झाला. २०११ मध्ये ऊर्जा विभागाने उत्पादक, वीज कंपन्या, पोलाद कारखाने आणि पर्यावरणवादी यांना एका टेबलाभोवती बसवले. काही प्रकारच्या कोरड्या रोहित्रांवर एकमत झाले. खांबावरच्या रोहित्रांवर झाले नाही. मानक एका रेषेच्या वर गेले की पोलादी गाभा टिकत नाही, अमॉर्फसच लागतो. पोलादवाल्यांना ती रेषा ओलांडायची नव्हती. एप्रिल २०१३ चा नियम त्या रेषेच्या अलीकडेच थांबला आणि जानेवारी २०१६ पासून लागू झाला.

येथून पुढे आकडे टक्क्याच्या दशांशांत आहेत, भांडण मात्र गावांचे आहे.

२३/
बटलरची गिरणी आर्मकोकडून एके स्टीलकडे आणि २०२० मध्ये क्लीव्हलँड-क्लिफ्सकडे गेली. दिशाबद्ध पोलाद करणारा दुसरा अमेरिकी उत्पादक २०१६ मध्ये त्या धंद्यातून बाहेर पडला होता. बटलर आणि ओहायोतील झेन्सव्हिल या जोडीखेरीज अमेरिकेत हे पोलाद कोठेही होत नाही. बटलरच्या गिरणीत हजाराहून अधिक कामगार, संघटना युनायटेड ऑटो वर्कर्स. दुसऱ्या बाजूला अमॉर्फस फितीचा अमेरिकेतील एकमेव मोठा कारखाना साउथ कॅरोलायनातील कॉन्वे येथे, आणि तोही २००३ पासून जपानी मालकीचा. म्हणजे दोन धातू, प्रत्येकाचा एकेकच अमेरिकी उत्पादक. कार्यक्षमतेची रेषा जिकडे सरकेल, तिकडची भट्टी पेटती राहणार होती.

२४/
त्यातच महामारीनंतर रोहित्रांचा दुष्काळ पडला. काही महिन्यांत मिळणारे रोहित्र वर्ष-दोन वर्षे मिळेना. जून २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी कोरियन युद्धाच्या काळातील संरक्षण उत्पादन कायद्याचा आधार घेऊन रोहित्रांचे उत्पादन वाढवण्याचा आदेश काढला. आणि सहा महिन्यांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, त्यांच्याच ऊर्जा विभागाने मसुदा जाहीर केला, ज्यामुळे २०२७ पासून जवळजवळ सर्व नव्या वितरण रोहित्रांचा गाभा अमॉर्फस करावा लागला असता. एका हाताने उत्पादन वाढवा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने कच्चा मालच बदला म्हणायचे, हा मेळ बसवणे वीज कंपन्यांना जमेना, यात नवल नव्हते.

२५/
मसुद्याची बाजू दुबळी नव्हती. खांबावरची रोहित्रे बहुतेक वेळ अर्ध्याहून कमी भाराने चालतात, आणि तेव्हा गाभ्याचाच तोटा वरचढ असतो. विभागाचा अंदाज होता की ३० वर्षांत ३४ कोटी टन कर्बवायू टळेल.

विरोधही पोकळ नव्हता. बटलरचे कामगार विचारत होते की हवामानाच्या नावाने बंद होणारी गिरणी आमचीच का. वादळात खांब पडले तर बदलायला रोहित्र कोठून आणायचे, असे ग्रामीण वीज सहकारी संस्था विचारत होत्या. रोहित्र उत्पादकांची यंत्रसामग्री पोलाद कापण्या-रचण्याची होती. फितीसाठी सारे नव्याने उभारावे लागणार होते. सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे सदस्य मसुद्याविरुद्ध एकत्र आले, आणि त्या काळच्या वॉशिंग्टनमध्ये हे दृश्य दुर्मीळ होते.

पण एक गोष्ट या गदारोळात दडून राहिली. अमॉर्फस गाभा काही अचानक उपटलेला नव्हता. त्याला खांबावर चढून जवळजवळ ४० वर्षे होत आली होती. २००७ किंवा २०१३ मध्ये रेषा थोडी थोडी सरकवली असती, तर बटलरला सावरायला दीड दशक मिळाले असते. तेव्हा टाळलेला प्रश्न २०२२ मध्ये एकदम अंगावर आला.

२६/
४ एप्रिल २०२४ रोजी अंतिम नियम जाहीर झाला. मुदत तीनऐवजी पाच वर्षांची, म्हणजे एप्रिल २०२९ पर्यंत. रेषा अशा जागी आणली की बाजारातील सुमारे ७५ टक्के रोहित्रे दिशाबद्ध पोलादातच करता येतील. उरलेल्या हिश्श्यात अमॉर्फसला वाव. ऊर्जामंत्री जेनिफर ग्रॅनहोम यांच्या विभागाने याला सर्वांचे ऐकून घेतल्याचे फळ म्हटले. बटलरने सुटकेचा श्वास घेतला.

नव्या नियमाने ३० वर्षांत टळणाऱ्या कर्बवायूचा विभागाचा अंदाज: साडेआठ कोटी टन. दोन्ही आकडे त्या त्या वेळच्या गृहीतकांवर काढलेले, तरी ३४ कोटींशेजारी ठेवला की तडजोडीची किंमत दिसते.

२७/
ही तडजोड चूक होती, असे सहजी म्हणवत नाही. १९८५ मधील गाभा २०२९ मध्ये फक्त एक चतुर्थांश बाजारात सक्तीसारखा होणार, हे पाहून अभियंता हळहळेल. पण देशातील या पोलादाची एकमेव गिरणी ऐन टंचाईत बंद पाडून कार्यक्षमता आणली असती, तर पुढच्या प्रत्येक मानकाला बटलरचे उदाहरण आडवे आले असते. खटकते ते एवढेच की ज्यांच्या बिलातून हा तोटा ३० वर्षे वसूल होतो, ते या टेबलाभोवती सर्वांत कमी संख्येने होते. पोलादाला संघटना होती, फितीला कंपनी होती, वीज कंपन्यांना प्रतिनिधी होते. पहाटे तीन वाजता गाभ्यात मुरणाऱ्या वॅटसाठी भांडायला ग्राहकांच्या बाजूने मोजक्याच संस्था उभ्या होत्या.

२८/
शेवटी एक बारीक तरतूद. मानक लागू होते ते नव्याने बनणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या रोहित्रांना. खांबावर असलेल्यांना ते हात लावत नाही. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी कारखान्यातून निघालेले रोहित्र २०१६ पासून चालत आलेल्या मापाचेच असेल, आणि नेहमीचे आयुष्य लाभले तर ते २०६० च्या आसपास खांबावरून उतरेल.